रडकीने अंग धरलं

मामा म्हणजे नेमका कुणाचा मामा, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तिसऱ्या मजल्यावरच्या यीस्टच्या प्रयोगशाळेत जेवढी माणसं होती तेवढी सगळी त्याला मामा म्हणत. अगदी सरसुद्धा, आणि ते तर त्याच्याहून चार वर्षांनी मोठे. पण खरा मामा तो एकट्या भाचीचाच होता. भाची म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. ती मामा-मामींच्या घरात वाढली, शिकली, आणि शिकता शिकता पीएचडीसाठी नेमकी मामाच्याच प्रयोगशाळेत येऊन बसली. पहिल्या दिवशी तिने दारातून "मामा, डब्यात चमचा राहिला" म्हणून हाक मारली आणि ते नाव अख्ख्या मजल्याला चिकटलं.

मामाचं काम तसं पडद्यामागचं. यीस्टच्या खाद्याची जेली करून प्लेटी ओतायच्या, ऑटोक्लेव्ह म्हणजे निर्जंतुक करायचा मोठा कुकर लावायचा, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांची यीस्टं जिवंत ठेवायची. दर सोमवारी सकाळी जुन्या प्लेटीवरची एक कॉलनी, म्हणजे यीस्टचा एक पांढरा ठिपका, टूथपिकच्या टोकावर उचलायचा आणि नव्या प्लेटीवर रेघोट्या ओढून पसरायचा. मग आठवडाभर ज्याला लागेल त्याने त्या प्लेटीतून घ्यावं. सव्वीस वर्षं तो हे करत होता. आपल्या हाताला गुण आहे असं त्याला वाटायचं, आणि वाटायचं ते तो बोलूनही दाखवायचा.

भाचीच्या यीस्टचं नाव होतं रडकी. खरं नाव आकड्या-अक्षरांचं, हातभर लांब; ते कोण घेतंय. रडकी का, तर ती वाढायचीच नाही धड. बाकीची यीस्टं दोन दिवसांत प्लेट भरून टाकत, ही आपली आठ-दहा दिवस कुंथत बसायची आणि मग कुठे खसखशीएवढे ठिपके दिसायचे.

त्याचं कारण भाचीने मामाला एकदा जेवणाच्या टेबलावर दोऱ्याचं रीळ घेऊन समजावलं होतं. पेशीत कायनेज नावाची प्रोटीनं असतात, ती दुसऱ्या प्रोटीनांना फॉस्फेटची गाठ मारतात. गाठ बसली की ते प्रोटीन कामाला लागतं, किंवा काम थांबवतं. आणि फॉस्फटेज असतात, ते ती गाठ सोडवतात.

"म्हणजे एकाने मारायच्या नि दुसऱ्याने सोडवायच्या," मामा म्हणाला होता. "सरकारी कामच की."

"दोन्ही वेळेवर झालं तर पेशी चालते, मामा. यीस्टची आई-पेशी एक कळी काढते, तीच तिची लेक. कळी मोठी होते, सगळ्याची वाटणी होते, आणि शेवटी ठरावीक गाठी सुटल्या की दोघी वेगळ्या होतात. माझ्या रडकीत एका सोडवणाऱ्याचा जीनच काढून टाकलाय. मग त्या दोघी एकमेकींना चिकटून अडकून बसतात. थंडीत तर जास्तच."

मामाला कळलं ते एवढंच, की मायलेकी सुटत नाहीत. तेवढं त्याला पुरलं. भाचीची बिचारी रडकी आपण सांभाळायची, हे त्याने मनाशी धरलं.

आणि सांभाळलीही. सहा-आठ महिन्यांत रडकी सुधारली. ठिपके खसखशीचे मोहरीएवढे झाले, पुढे मिरीएवढे. प्लेट चार दिवसांत तयार व्हायला लागली. मामा ती प्लेट उजेडात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, रडकीने अंग धरलं. हाताचा गुण आहे." सगळे हसायचे. सरही हसले होते. कुणाला म्हणजे कुणालाच त्यात काही खटकलं नाही, हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे दोष द्यायला मामा एकटाच उरणार आहे.

भाचीचा शोध असा होता, की थंड पेटीत, सोळा अंशांवर, रडकी दोन दिवस अडकते आणि मग हळूहळू चालायला लागते. म्हणजे तो सोडवणारा नसला तरी दुसरा कुणीतरी सोडवणारा मदतीला येतो. तो कोण, कसा येतो, यावर चार वर्षं आणि एकशे ऐंशी पानं. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. दुसऱ्या एका विद्यापीठात तिची जागा पक्की झाली होती, प्रबंध दिल्याचा कागद दाखवला की रुजू व्हायचं. ते पत्र मामीने कपाटातल्या चांगल्या साड्यांखाली ठेवलं होतं आणि दिवसातून एकदा काढून पाहत होती.

आणि नेमकं तेव्हा पाहुणीबाईंनी घोळ घातला.

पाहुणीबाई म्हणजे दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून तीन महिन्यांसाठी आलेल्या बाई. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीचा चष्मा, काम करताना बारीक आवाजात शीळ घालायची सवय. त्यांना त्यांच्या कामासाठी रडकी हवी होती. पण मामाच्या सोमवारच्या प्लेटीतून न घेता त्यांनी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधली रडकीची मूळ, गोठवलेली कुपी काढली. मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पाहुण्यांना काय बोलणार. बाईंनी आपली प्लेट केली, तिच्यातून घेऊन थंड पेटीत ठेवली, आणि रडकी अडकली. दोन दिवसांनी अडकलेली, सहा दिवसांनी अडकलेली, चौदा दिवसांनीही तशीच. चालायला लागायचं नावच नाही.

"तुमच्या दुसऱ्या सोडवणाऱ्याला माझा पत्ता सापडत नाहीये बहुतेक," बाई भाचीला म्हणाल्या. भाची हसली, पण त्या दिवशी डबा तिने तसाच परत आणला.

सर म्हणाले, "मामा, बघा जरा. कुठेतरी साधी चूक असेल."

मामाला आधी खात्री होती, की चूक बाईंचीच. शीळ घालत काम करणाऱ्या माणसाचं लक्ष ते काय असणार. त्याने बाईंच्या प्लेटी तपासल्या. मग मनात आलं, जेली घट्ट करणारं अगर जास्त पडलं असेल, म्हणून स्वतःच्या हाताने नव्या प्लेटी ओतल्या, त्यावर एका बाजूला भाचीची रडकी, दुसऱ्या बाजूला बाईंची. एकच प्लेट, एकच झाकण, एकच थंड पेटी. भाचीची वाढली, बाईंची नाही. मग त्याला वाटलं थंड पेटीच दगा देतेय, वरचा कप्पा गार, खालचा कोमट. त्याने चार थर्मामीटर लावले. चारही सोळा. साखरेचा डबा बदलला, पाणी बदललं, टूथपिकांचं खोकं बदललं. फरक शून्य.

त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. सव्वीस वर्षांत त्याने बुरशी पाहिली होती, प्लेटींची अदलाबदल पाहिली होती, एकदा तर झुरळ पाहिलं होतं. त्या सगळ्याला काहीतरी कारण होतं. इथे एकाच कुपीतून निघालेली एकच यीस्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागत होती, आणि दोन्ही ठिकाणी कुणी चुकत नव्हतं. त्याने बाईंना विचारलं, बाईंनी खांदे उडवले. भाचीला विचारलं, तर तिने आपली वही उघडून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. रात्री तो मामीला विचारू लागला. मामी म्हणाली, "अहो, मला यीस्टमधलं काय कळतंय? जुळ्या बहिणी असतात ना, एक शांत, एक भांडकुदळ. असेल तसं." मामाला तेही पटलं नाही.

शेवटी त्याने ठरवलं, पहिल्यापासून आपणच करायचं. फ्रीजरमधून कुपी काढली, टूथपिकच्या टोकाने खरवडून प्लेट केली. खरं म्हणजे दर महिन्याला असं करायचं हा प्रयोगशाळेचा नियमच होता, भिंतीवर लिहिलेला. बाकी सगळ्यांच्या यीस्टांसाठी मामा तो पाळायचाही. फक्त रडकीसाठी पाळत नसे. फ्रीजरमधून काढली की ती दहा दिवस घेते, आणि दहा दिवस भाचीने हात जोडून का बसावं? म्हणून तिची चालू प्लेट तो सोमवार ते सोमवार पुढे नेत राहिला होता. चार वर्षं.

दहा दिवस गेले. प्रबंधाला पंधरा उरले. प्लेटीवर खसखशीसारखे शेकडो बारीक ठिपके आले होते, आणि त्यांच्यात तीन-चार चांगले टपोरे.

मामा खिडकीशी बसला. टूथपिक घेतली. बाई शेजारीच काहीतरी लिहीत होत्या. मामाचा हात सरळ एका टपोऱ्या ठिपक्याकडे गेला.

बाईंची शीळ थांबली. "तीच का?"

"काय तीच का?"

"इतक्या आहेत. तुम्ही तीच का उचलताय?"

"मग? धडधाकट सोडून मरतुकडी उचलू?" मामा म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला आणि त्या मामाकडे पाहत राहिल्या. मामा त्यांच्याकडे पाहत राहिला. टूथपिक तशीच हवेत.

"नेहमी अशीच उचलता?" बाईंनी हळू विचारलं.

"रडकीची. बाकीच्यांची हाताला येईल ती."

"रडकीचीच का?"

"भाचीची आहे ना ती," मामा म्हणाला.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि मग सांगितलं, अगदी सावकाश. प्लेटीवर लाखो पेशी असतात. त्यांत एखादीच्या जीनमध्ये आपोआप कुठेतरी भलताच बदल होतो, आणि त्या बदलामुळे तिला त्या सोडवणाऱ्याशिवायही निभावता येतं. मग ती भराभरा वाढते आणि तिचाच ठिपका टपोरा होतो. "जी आजारी असायलाच हवी तिच्यातली ठणठणीत निवडली, की ती रडकी राहत नाही, मामा. रडकीच्या घरात शिरलेली दुसरीच कुणीतरी होते. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आजारी यीस्टमधली आजारीच घ्यायची."

"मला कुणी शिकवलं नाही," मामा म्हणाला. आणि हे खरं होतं. त्याला टूथपिक धरायला शिकवलं होतं, कुठली उचलायची ते नाही.

पण ऐकून विश्वास ठेवेल तो मामा कसला. त्याने त्याच प्लेटीवरच्या टपोऱ्या चारही उचलल्या आणि बारीक वीस उचलल्या, प्रत्येकीला आकडा दिला, थंड पेटीत ठेवल्या आणि सहा दिवस रोज सकाळी कोट अंगात घालायच्या आधी जाऊन पाहिल्या. विसाच्या वीस अडकून बसल्या. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तर मायलेकींच्या लांबच लांब माळा, एकीलाही दुसरीपासून सुटता येत नव्हतं. टपोऱ्या चारांपैकी तिघी दोन दिवस थांबल्या आणि मग चालू लागल्या. अगदी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातल्या आकृतीसारख्या.

म्हणजे दुसरा सोडवणारा मदतीला येत होता, तो रडकीच्या नव्हे. तो होता मामाने वेचून वेचून घडवलेल्या एका भलत्याच यीस्टमधला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. चार थर्मामीटर लावले होते त्याने.

"मी पुढच्या आठवड्यात जाणार," पाहुणीबाई म्हणाल्या. "माझ्या कामाला माझी प्लेट आहे. मी यात कुणाला काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा, किंवा नका सांगू."

नका सांगू, हे शब्द मामाच्या कानात घरापर्यंत आले. प्रबंधाला नऊ दिवस होते. कुणाला कळणार होतं? सर बाईंच्या हातालाच दोष देऊन मोकळे झाले असते. परीक्षक काही फ्रीजर उघडून बघणार नव्हते. पोरीचं पत्र साड्यांखाली होतं. मामाने त्या संध्याकाळी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मीठ मागितलं.

"बरं नाही का?" भाचीने विचारलं.

"बरंय," मामा म्हणाला. पोर पाणी प्यायली, भांडं घासून ठेवलं आणि पानं तपासायला आत गेली. दाराच्या फटीतून तिचा पेनाचा टकटक आवाज येत होता. उद्या कुणी दुसऱ्याने फ्रीजरमधून रडकी काढली तर? आज ना उद्या कुणीतरी काढणारच. तेव्हा ही एकटी असेल, दुसऱ्या गावात, आणि लोक म्हणतील हिने खोटं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटी ओतायच्या खोलीत त्याने तिला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. सांगायचं कसं, याची त्याने रात्रभर जुळवाजुळव केली होती, त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हणून त्याने चोवीस आकड्यांची ती थंड प्लेट तिच्या पुढ्यात ठेवली.

"ही फ्रीजरमधली. वीस बारीक. चार मोठ्या."

भाची हुशार. तिला जास्त सांगावं लागलं नाही. ती प्लेटीकडे बघत राहिली, मग भिंतीवरच्या नियमाकडे.

"तू मोठी उचलायचास?"

"हो."

"किती वेळा?"

"दर सोमवारी."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"आणि फ्रीजरमधून?"

"तुला दहा दिवस थांबावं लागलं असतं."

ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली, मामा सवयीने उठला आणि पुन्हा बसला.

"पण का, मामा?" तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्याला तिची आई आठवली. "बाकीच्यांची तर नीट केलीस."

"तुझी होती म्हणून," मामा म्हणाला.

भाची सरांकडे गेली. दीड तास आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चाल सरळ होती. प्रबंध या वर्षी जाणार नव्हता. चौथं प्रकरण आणि पाचवं पुन्हा करायचं, कमीत कमी एक वर्ष. त्या विद्यापीठाला तिने स्वतःच कळवलं. सरांनी मामाला बोलावलं, रागावतील म्हणून तो उभाच राहिला, तर ते म्हणाले, "मीही हसलो होतो हो, रडकीने अंग धरलं म्हणालात तेव्हा." मामाला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

त्याच दिवशी भाचीने फ्रीजरमधून स्वतः कुपी काढून नवी प्लेट केली. आणि ती मामाशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. डबा घेऊन जायची, डबा परत आणायची. मामी दोघांच्या मधे फिरून थकली. "अहो, काय झालं ते मला तरी सांगा," ती म्हणायची, आणि मामा सांगायचा, "जास्त प्रेम झालं." मामीला वाटायचं हा थट्टा करतोय. अति तिथे माती, हे लहानपणी पाठ केलेलं असतं सगळ्यांनीच. पण अति कधी सुरू झालं हे कुणी सांगत नाही. मामा आठवून आठवून बघत होता, नेमका कुठल्या सोमवारी. ते काही त्याला सापडलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मामा खिडकीशी बाकीच्यांच्या प्लेटी करत बसला होता. भाची आली, शेजारची खुर्ची ओढली आणि आपली प्लेट त्याच्यासमोर ठेवली. शेकडो बारीक ठिपके, आणि कडेला दोन टपोरे.

"घे," ती म्हणाली.

"तूच घे ना."

"हात तुझा चांगला आहे. घे."

मामाने टूथपिक घेतली. इतक्या वर्षांचा हात, तो आपला टपोऱ्याकडेच ओढ घेत होता. त्याने तो मागे घेतला. मग बारक्यातली बारकी शोधली, चष्मा लावूनही धड दिसेना अशी, आणि ती उचलली. एवढुशी, रोगट. नव्या प्लेटीवर रेघोटी ओढताना त्याला खरोखर वाईट वाटत होतं. त्याने तसंच आणखी पाचदा केलं. झाकणांची अदलाबदल होते म्हणून भाचीने झाकणांवर नव्हे, प्लेटींच्या बुडांवर तारखा लिहिल्या.

"पुढच्या महिन्यात पुन्हा फ्रीजरमधून," ती म्हणाली.

"पुन्हा."

त्या संध्याकाळी मामीने एक मोठं ऑम्लेट केलं, तवाभर. त्याची वाटणी करायचं काम घरात मामाकडे असायचं. पोर सहा वर्षांची असल्यापासून ठरलेलं होतं, एक तुकडा मोठा व्हायचा आणि तो तिच्या ताटात पडायचा. मामाने उलथन्याने तीन भाग केले. आणि मग तो थांबला. उलथनं मोठ्या तुकड्याखाली घातलं, काढलं, लहान तुकड्याखाली घातलं, पुन्हा काढलं. मामी बघत होती. कुणाला कुठला द्यायचा हे त्याला खरोखरच कळेनासं झालं होतं, आणि तवा गार होत होता.

भाचीने ताट पुढे केलं.

"मोठा दे, मामा," ती म्हणाली. "इथे मोठाच दे."